रानभाजीची पहिली शाळा बुधवारच्या बाजारात

पाऊस लागला की रविवारी नाशिककरांच्या गाड्या त्र्यंबक, अंजनेरी, हरसूल, पेठच्या रस्त्याला लागतात. अलीकडे त्यात एक नवी हौस आली आहे. मुलाबाळांना घेऊन रानात जायचं आणि भाज्या खुडायच्या. हौस चांगलीच आहे. शहरातल्या पोरांना टाकळा, कुरडू, आघाडा ओळखता यावा, असं मलाही मनापासून वाटतं. पण सुरुवात डोंगरावरून करू नका. ती गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून करा.

तिथे पेठ-हरसूलकडच्या बायका वाटे मांडून बसतात. फोडशीच्या जुड्या, काटेरी करटोली, तेऱ्याची पानं. मुलांना सोबत न्या, एक वाटा घ्या आणि विचारा, “मावशी, ही करायची कशी?” फोडशी लांबून गवतच वाटते. तिचा बुडखा किती काढायचा, डाळ कोणती घालायची, हे ती हातातली जुडी उलटी करून दाखवते. तेऱ्याला चिंच का लागते, तेही तीच सांगते. तेरं आणि शेवळ यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानं घसा खाजतो. म्हणून तेऱ्यात चिंच पडते आणि शेवळात काकडाची आंबट फळं. मोबाइलमधला फोटो पानाचं नाव सांगेल, पण ते पोटात सुखरूप कसं जाईल हे पिढ्यान्‌पिढ्या रांधणाऱ्या हातांनाच ठाऊक असतं.

फोटोवर विसंबणं किती महागात पडू शकतं, याचं उदाहरण घराशेजारच्या मोकळ्या जागेतच उगवतं. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात, टोकाला गोलसर, आणि संध्याकाळी त्या मिटतात. त्याच्याच कुळातल्या कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, जोड्याही जास्त. फुलं दोघांचीही पिवळी. पण कासविंद्याच्या बिया विषारी. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं एका आजारानं दगावत होती आणि तो मेंदूज्वर समजला जात होता. बिजनौरचे डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांच्या अभ्यासातून 2007च्या सुमारास कारण पुढे आलं. मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. आपल्या डोंगरात पावसाळ्यात फुलणारी लाल-पिवळी कळलावी दिसायला देखणी, पण तिच्या कंदातलं कोल्चिसिन जीव घेऊ शकतं. म्हणून कंद आणि अळंबी नवशिक्यांनी सोडूनच द्यावीत. आणि मोठ्यांना दाखवल्याशिवाय कुठलंही पान, फळ, बी तोंडात घालायचं नाही, हा नियम मुलांना पहिल्या दिवशीच सांगावा.

डोंगरावर खुडायला न जाण्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आषाढ-श्रावण हे पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर ओढीचे महिने. कणगीतलं धान्य तळाला गेलेलं, भात-नागली अजून शेतात. त्या दिवसांत रानभाजी हे घरचं जेवण असतं आणि बाजारात दोन पैसेही तीच मिळवून देते. आपण हौसेनं पिशव्या भरून आणल्या तर कुणाच्या ताटातलं उचलतो, याचा विचार करायला हवा. 2006च्या वन हक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासींना आणि पारंपरिक वननिवासींना दिला आहे. रविवारच्या पर्यटकाला तो नाही. अंजनेरी तर संवर्धन राखीव क्षेत्र. कंदीलपुष्पाची एक जात त्या डोंगराच्याच नावानं ओळखली जाते. तिथे डोळे भरून बघा, खुडू काही नका.

मग खुडायचं कुठे? स्वतःच्या प्लॉटवर, नातेवाइकांच्या शेताच्या बांधावर. टाकळा, घोळ, कुरडू, आघाडा एवढ्यांवर सुरुवातीला भागवा. एका वेळी एकच वनस्पती शिका. कोवळे शेंडे घ्या, मूळ जागेवर ठेवा, आणि कढईत पडण्याआधी जाणत्या माणसाची नजर त्यावरून फिरू द्या. पहिल्यांदा थोडंच खा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेजवळचा बांध असेल तर तणनाशक, बुरशीनाशक फवारलंय का, हे शेतकऱ्याला आधी विचारा. महामार्गाची कड आणि नाल्याचा काठ वर्ज्यच.

9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग रानभाज्या महोत्सव भरवतो. सहकुटुंब जरूर जा. एका जागी इतक्या भाज्या आणि त्या ओळखणाऱ्या इतक्या बायका एरवी भेटत नाहीत. पण महोत्सव उरकला की त्याच बायका पुन्हा भर पावसात, रस्त्याच्या कडेला, गोणपाटावर बसतात. ज्यांच्याकडून शहरानं शिकायचं, त्यांना बसायला धड जागा नसावी, हे नाशिकला शोभत नाही. पावसाळ्याचे चार महिने महापालिकेनं त्यांना बाजारात छपराखालची ठरलेली जागा द्यावी. आणि आपण वाटा घेताना घासाघीस करू नये, कारण भाजीसोबत आपण त्यांचं ज्ञानही घरी नेत असतो.