कापरेकरांचं विकिपीडिया पान सुधारायचं, तर अडतं कुठे?

एक चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा, ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडा आणि त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा : ५४३२ − २३४५ = ३०८७. आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा : ८७३० − ०३७८ = ८३५२. आणखी एकदा : ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे कितीही वेळा केलं तरी ६१७४ च येतं. सुरुवात कोणत्याही संख्येपासून करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच पोहोचता.

हा 'कापरेकर स्थिरांक'. तो शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

त्यांच्याविषयी काय माहीत आहे?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी. १९३० ते १९६२ देवळालीत नोकरी. १९८६ मध्ये निधन. पदव्युत्तर शिक्षण नसतानाही ते आयुष्यभर संख्यांवर काम करत राहिले. पण हा झाला सांगाडा. त्यात माणूस भरायचा कसा?

विकिपीडियाचा नियम काय सांगतो?

विकिपीडियावर कुणीही संपादन करू शकतं, पण प्रत्येक दाव्यामागे विश्वासार्ह, छापील किंवा प्रकाशित संदर्भ लागतो. साधी आकडेमोड चालते, कारण ती वाचक स्वतः पडताळू शकतो. त्यामुळे ६१७४ चं उदाहरण पानावर सहज बसतं. 'सर फार प्रेमळ होते' ही माजी विद्यार्थ्याची आठवण मात्र खरी असली तरी थेट टाकता येत नाही.

कापरेकरांच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. त्यांचं बरंचसं लेखन त्यांनी स्वतःच छापलेल्या पुस्तिकांमध्ये आहे. त्यांनी काय मांडलं, हे सांगायला त्या उपयोगी पडतात. पण त्या कामाचं महत्त्व ठरवायला दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं लागतं. असा मोठा संदर्भ १९७५ मध्ये मिळाला. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि जगभर त्यांचं नाव झालं. तोवर कापरेकरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

नियम चुकीचा आहे का?

नियमाची किंमत मोजावी लागते, हे खरं. २०१८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा संदर्भ अपुरे म्हणून नाकारला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं. पण नियम नसेल तर वेगळाच घोळ होतो. कुणीतरी ऐकीव गोष्ट पानावर टाकतं, वर्तमानपत्र ती उचलतं आणि पुढे तेच वर्तमानपत्र संदर्भ म्हणून जोडलं जातं. आता एआय चॅटबॉटही विकिपीडियावरून शिकतात. म्हणजे एक चूक हजार ठिकाणी जाते.

मग करायचं काय?

पानावर विशेषणं वाढवून काही साधत नाही. 'थोर', 'महान' हे शब्द संपादक काढून टाकतात. संदर्भ नसलेल्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण करणं, वाद असेल तर चर्चा पानावर मांडणं, इंग्रजी पानावरचा पक्का मजकूर संदर्भासकट मराठीत आणणं, ही कामं घरबसल्या होतात.

खरं काम मात्र विकिपीडियाच्या बाहेर आहे. शाळेच्या स्मरणिका, जुन्या वर्तमानपत्रांतली कात्रणं, गणित परिषदांची इतिवृत्तं शोधून जपायला हवीत. माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्या नीट प्रसिद्ध व्हायला हव्यात. एकदा त्या छापल्या गेल्या, की पानाला संदर्भ मिळतो.

याला घाई आहे. १९६२ मध्ये कापरेकरांच्या वर्गात बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. ६१७४ उद्याही कुणालाही कागदावर काढता येईल. त्या मुलाला काय आठवतं, ते आत्ताच विचारायला हवं.