ठसे जपून ठेवा, बॉस!

पहाटे साडेपाच. मोहर्ली गेटवर आमची जिप्सी लायनीत उभी. हातात चहाचे कप, कानाला मफलर आणि डोक्यात फक्त वाघ! अपवाद एकच. आमचा बँकवाला दोस्त मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता.

‘बिल्डरचा माणूस आज फोन करणार होता रे.’

नागपुरातला त्याचा फ्लॅट. करारानुसार ताबा दोन वर्षांपूर्वीच मिळायला हवा होता. इकडे ईएमआय चालू, तिकडे घरभाडं चालू. डाऊन पेमेंटमध्ये बाबांच्या रिटायरमेंटचे पैसे. त्यामुळे घरी हा विषय निघाला की सगळे गप्प!

तेलिया तलावाच्या वाटेवर गाइडने गाडी थांबवली. धुळीत वाघाचा ठसा. ‘आज सकाळचाच आहे साहेब. कडा बघा, अजून मोडल्या नाहीत.’ वाघ काही दिसला नाही, पण तो इथून गेला यावर कुणी वाद घातला नाही.

परतल्यावर टपरीवर पोहे खाताना मी मित्राला विचारलं, ‘बिल्डरने तारीख पुढे ढकलली, ते लेखी आहे तुझ्याकडे?’

‘लेखी कशाला? फोनवर बोलतो ना तो. फार गोड बोलतो!’

इथेच आपण सगळे फसतो, मंडळी. कंपनीत साधी सुट्टी हवी असली तरी आपण मेल टाकतो आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी मात्र फोनवरच्या ‘दिवाळीत नक्की’वर सोडून देतो!

खरं तर कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १८ सांगतं, करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर व्यवहारातून बाहेर पडून पैसे व्याजासकट परत मागा. घरच हवं असेल, तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागा. पैसे परत मागण्याचा हा हक्क बिनशर्त आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात स्पष्ट केलं. म्हणजे ‘वाळू मिळाली नाही, मजूर गावी गेले’ ही रेकॉर्ड तिथे वाजत नाही.

‘पण मी डोळे मिटून सह्या केल्यात ना!’ मित्राचं पुढचं टेन्शन. त्यावरही उत्तर आहे. गुरगावच्या पायोनियर अर्बन प्रकरणात ग्राहकाला उशीर झाला तर १८ टक्के व्याज आणि बिल्डरला झाला तर फक्त ९, असा करार होता. असा एकतर्फी करार ग्राहकावर बंधनकारक नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं.

महारेराकडे तक्रार ऑनलाइन करता येते, फी ५ हजार रुपये. भांडण नको असेल, तर २०१८ पासून त्यांचा सलोखा मंचही आहे. पण कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न एकच: कागद कुठे आहेत? करार, पावत्या, मेल, मेसेज. हेच आपले ठसे!

निघताना रस्त्याकडेला एक बोर्ड दिसला. ‘वाघाच्या शेजारी सेकंड होम! प्लॉट बुकिंग सुरू.’ आमच्या मित्राचे डोळे पुन्हा चमकले. म्हटलं, थांब राजा! बोर्डवर महारेराचा नंबर कुठाय? २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो, तो कुठाय? जमीन एनए आहे का? शेतजमीन असेल, तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेताच येत नाही. त्यात मोहर्ली ताडोब्याच्या बफरमध्ये, म्हणजे बांधकामाचे नियम आणखी कडक. आणि रेराखालच्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही लक्षात ठेव.

चंद्रपूर जवळ आलं, रेंज आली. मोबाइल वाजला. बिल्डरचा माणूस! मित्राने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, ‘दादा, हेच जरा मेलवर पाठवता का?’

पलीकडचा गोड आवाज एकदम बंद. मग मित्रानेच मेल लिहायला घेतला: ‘आज आपलं फोनवर जे बोलणं झालं, त्यानुसार...’

दोन वर्षांतला त्याचा पहिला ठसा!