सपाट मारा कशासाठी? हरणाची शिकार, रायफलचे कॅलिबर आणि अंतराचा अंदाज

गेल्या पंधरवड्यात कोलोरॅडोत राहणाऱ्या माझ्या पुतण्याचा निरोप आला. यंदा तो तिथल्या नियमांप्रमाणे परवाना काढून प्रथमच हरणाच्या शिकारीला जाणार आहे. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता: ‘काका, लांबून सपाट मारा करणारे कोणते कॅलिबर घेऊ?’ उत्तरही एका ओळीत देता आले असते. परंतु या प्रश्नाच्या मागे दीडशे वर्षांहून अधिक इतिहास आहे आणि त्याचा एक धागा थेट नागपूरच्या प्रांतातून जातो. म्हणून हा धागा.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट असावी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे. भेकर, सांबर, चितळ, काळवीट, पिसोरी, सगळीच त्यात आली. पुढचे सारे विवेचन इतिहासाचे आहे, किंवा जिथे अशी शिकार कायदेशीर आहे तिथले आहे.

कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. .२७० म्हणजे इंचाचे दोनशे सत्तर सहस्रांश. आणि ‘सपाट मारा’ हा शब्द मुळातच फसवा. कोणतीही गोळी सपाट जात नाही. नळी सोडल्या क्षणापासून ती पडू लागते आणि झाडावरून सुटलेल्या आंब्याच्याच गतीने पडते: पाव सेकंदात एक फूट, अर्ध्या सेकंदात चार फूट. वेगवान गोळी कमी पडते ती एवढ्याचसाठी, की तिला पडायला वेळ कमी मिळतो.

ब्रिटिश सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १,३५० फूट होता. दोनशे यार्ड गाठायला तिला जवळजवळ अर्धा सेकंद लागे. .२७० विंचेस्टरची १३० ग्रेनची गोळी ३,०६० फुटांच्या वेगाने सुटते. चारशे यार्डांनंतरही तिचा अर्धा सेकंद पुरा होत नाही.

आता मूळ प्रश्न. गोळी किती पडणार हे ठाऊक असेल तर तेवढा नेम वर धरला की झाले. मग पडण्याची एवढी धास्ती का? धास्ती पडण्याची नव्हतीच. अंतर न कळण्याची होती.

समजा, मार्टिनी-हेन्री घेतलेल्या शिकाऱ्याने हरीण दीडशे यार्डांवर आहे असे मानून नेम धरला आणि ते प्रत्यक्षात दोनशेवर होते. गोळी सुमारे सव्वा फूट खाली लागेल. छातीवरचा नेम पायावर येईल. हरीण मोडक्या पायाने रानात नाहीसे होईल आणि चार दिवसांनी मरेल. हीच चूक .२७० घेऊन केली तर फरक अडीच इंचांच्या आत राहतो. सपाट माऱ्याचे सारे मोल या एका तुलनेत आहे. नजरेने अंतर जोखणाऱ्या माणसाची चूक तो पोटात घालतो.

ही गोष्ट शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्यांत कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे नाव महत्त्वाचे. १८६१ मध्ये नागपूर राजधानी करून मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्या प्रांतात तो अधिकारी होता. पचमढीच्या पठाराशी त्याचे नाव कायमचे जोडलेले आहे. सातपुड्याच्या रानांवरचे त्याचे पुस्तक १८७१ साली, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले आणि ते आजही वाचले जाते. त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. त्याचे म्हणणे असे, की चांदमारीच्या मैदानावर अंतर मोजलेले असते, रानात ते मोजलेले नसते; म्हणून शिकाऱ्याला लांब पल्ल्याच्या अचूकतेपेक्षा मारगतीचा कमी बाक अधिक उपयोगी. त्यासाठी गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीत अगदी सावकाश वळणाऱ्या खाचा, म्हणजे वेगामुळे गोळी खाचांतून निसटणार नाही, असा त्याचा उपाय होता.

त्याच सुमारास लंडनचा बंदूकनिर्माता पर्डी हेच दुसऱ्या वाटेने करीत होता. हलकी लांबट गोळी आणि जास्त दारू घालून त्याने १८५६ मध्ये एक रायफल काढली आणि तिला नाव दिले ‘एक्सप्रेस ट्रेन’. पुढे शिकारी साहित्यात रूढ झालेला ‘एक्सप्रेस रायफल’ हा शब्द या आगगाडीवरून आला आहे.

काळ्या दारूला मात्र मर्यादा होती. ती कितीही ठासली तरी वेग एका टप्प्यापलीकडे जाईना, आणि धूर व काजळी वेगळीच. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू सिद्ध केली. १८८६ च्या लेबेल रायफलने दोन हजार फुटांचा वेग गाठला. नळीचा व्यास लहान झाला. पाठोपाठ ७ मिमी माउझर आले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टोकदार गोळ्या आल्या. १९०६ चे .३०-०६ आणि त्याच घराण्यातले १९२५ चे .२७० यांच्यानंतर सपाटपणात झालेली भर किरकोळ आहे. मॅग्नम काडतुसांच्या जाहिराती काहीही सांगोत, हे माझे मत.

आपल्याकडे मात्र कॅलिबर निवडताना भौतिकशास्त्राला फारसे कोणी विचारले नाही. विचारले ते कायद्याला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना त्यातून सूट होती. १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० व्यासाच्या रायफलींवर बंदी घातली, कारण तो व्यास मार्टिनी-हेन्रीशी जुळे आणि काडतुसांतल्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडण्याची भीती होती. .४६५, .४७० ही विचित्र वाटणारी मापे त्या बंदीतून जन्मली. .३०३ लष्करी म्हणून खाजगी हातांत वर्ज्य, म्हणून इथे .३१५ रुजले, मूळचे ऑस्ट्रियाचे ८ मिमी मॅनलिखर काडतूस, जे पुढे इच्छापूरच्या सरकारी कारखान्याच्या शिकारी रायफलीत टिकून राहिले. एखाद्या जुन्या घरात .३१५ दिसली तर ती आजोबांच्या चोखंदळपणाची खूण समजू नये. दुसरे मिळतच नव्हते.

रायफलचे हे झाले. सामान्य शेतकऱ्याच्या वाट्याला तीही नव्हती. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या दुखण्यावर नेमके बोट ठेवले आहे. रानडुकरे शेते उद्ध्वस्त करीत असता शेतकऱ्यापाशी मोडकी बंदूकही ठेवू देणार नसाल, तर राखणीचे काम गोऱ्या पोलिसांकडे द्या आणि होणारे नुकसान त्यांच्या पगारातून कापा, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता. हे १८८३ च्या सुमाराचे. नाट्यातल्या कोणत्याही भात लावणाऱ्या माणसाला आज ते वाचून दाखवा, तो मान डोलावेल.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यात पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद झाली. आमच्या आजोबांकडे तशीच एक होती. दारू, चिंध्या, छर्रे, पुन्हा चिंध्या, आणि एक बार काढला की दुसरा भरीपर्यंत जनावर पार खाडीपर्यंत पोचलेले.

त्या बंदुकीला सपाट माऱ्याची गरज कधी भासली नाही, आणि इथे भूगोल मध्ये येतो. यशवंतगडाच्या बुरुजावर उभे राहिले की जैतापूरची खाडी आणि पलीकडचा किनारा दूरवर दिसतो, पण रानात उतरले की नजर तीस-चाळीस पावलांवर अडते. करवंदीच्या जाळ्या, काजूच्या बागा, कुंपणाचे गडगे. पारध म्हणजे हाकारा, आणि जनावर निघेल त्या वाटेवर दबा. छर्ऱ्याचा उपयोगही चाळीस यार्डांपर्यंतच. सडा उघडा आहे खरा, तिथे पाव मैलावरचे दिसते. परंतु त्या कातळावर पावसाळा सोडून दिसायचे काय, तर ससा आणि फार तर कोल्हा.

उघड्या मुलखाचा प्रश्न घाटावर होता. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. काळवीट माणसाला जवळ येऊ देत नाही, पण बैलगाडीला फारसे बिचकत नाही. म्हणून डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीवरून जवळ नेत आणि मग सोडत. अंतर तोडण्याची ही रीत रायफलीच्या पुष्कळ आधीची. स्कॉटलंडच्या डोंगरउतारांवर आणि अमेरिकेच्या पठारांवर तोच प्रश्न वेगवान गोळीने सोडवला.

एक प्रसंग आजोबा सांगत. कायदा येण्यापूर्वीचा. तिन्हीसांजेला बागेच्या टोकाला भेकर दिसले. अंतर जास्त आहे हे कळत होते, तरी त्यांनी बार काढला. भेकर उडाले आणि गेले. तिसऱ्या दिवशी वहाळाच्या कडेला वास आला तेव्हा ते सापडले. मांस वाया गेले याची खंत त्यांना नव्हती. ते सापडेपर्यंतचे दोन दिवस त्यांना छळत राहिले. त्यानंतर बागेत त्यांनी चाळीस पावलांवर एक दगड पुरला आणि त्या दगडापलीकडच्या जनावरावर बंदूक उचलली नाही. तो दगड अजून आहे. हल्ली त्यावर कलमांना घालायच्या पाण्याची कळशी टेकवतात.

आता कोलोरॅडो. पुतण्याच्या यादीत तीन नावे होती: .३०० विंचेस्टर मॅग्नम, .२७० आणि २००७ साली आलेले ६.५ क्रीडमूर. ओढा अर्थातच मॅग्नमकडे, कारण कुठल्याशा चित्रफितीत कोणीतरी सहाशे यार्डांवर हरीण पाडले होते.

माझे मत त्याच्या उलट आहे, आणि ते फोर्सिथच्याच तर्काने. सपाट मारा हे अंतर न कळण्यावरचे औषध होते. आज लेसरवर चालणारे अंतरमापक यंत्र खिशात मावते आणि एका कळीसरशी नेमके अंतर सांगते. ज्या रोगावर हे औषध होते तो रोगच उरलेला नाही. उरले आहेत वारा आणि वेळ. नेम दोनशे यार्डांवर बसवला तर चारशेवर .२७० सुमारे वीस इंच खाली जाते आणि क्रीडमूर सुमारे तेवीस. यंत्र हाती असलेल्याला हा तीन इंचांचा फरक काहीच नव्हे. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात मात्र .२७० ची नेहमीची गोळी अकरा-बारा इंच सरकते, तर क्रीडमूरची लांबट, वाऱ्याला कमी दाद देणारी गोळी नऊच्या आसपास. कमी वेगाची गोळी इथे सरस ठरते. आकडे गोळीगणिक थोडे बदलतील, क्रम बदलणार नाही. आणि वारा मोजणारे यंत्र हरणापाशी नसते, आपल्यापाशी असते.

वेळेवर तर कोणत्याच कॅलिबरचा इलाज नाही. चारशे यार्ड जायला .२७० ला साधारण ०.४६ सेकंद लागतो. चरता चरता हरणाने सहज पाऊल टाकले तर तेवढ्यात ते दोन फूट पुढे गेलेले असते. छातीचा नेम पोटात. वहाळाच्या कडेचे भेकर मला इथे आठवते.

मॅग्नमचा धक्का .२७० च्या दीडपट असतो. नवशिका माणूस तिसऱ्या बारानंतर चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो. हा दोष कोणत्याही सपाट माऱ्याने भरून येत नाही. मध्यम काडतूस पुरेसे असते याचे नामांकित उदाहरणही आपल्या देशातले आहे: जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी म्हणजे नाव बदललेले ७ मिमी माउझरच, आणि त्याने ती हरणांहून कितीतरी भयंकर प्राण्यांसमोर वापरली.

तेव्हा मी त्याला लिहिले ते असे. कोलोरॅडोच्या नियमाप्रमाणे हरणासाठी किमान .२४ इंचाची नळी लागते. तुझ्या यादीतली तिन्ही त्यात बसतात. क्रीडमूर घे, किंवा कोणी मित्र जुनी .२७० देत असेल तर तीही उत्तम. वाचलेल्या पैशांची काडतुसे घे आणि मोसमापूर्वी बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने सराव कर. दहांपैकी नऊ गोळ्या आठ इंचांच्या ताटलीत जिथवर बसतात, ते तुझे अंतर. तीनशे यार्डांपलीकडे ताटलीत बसल्या तरी पहिल्या वर्षी जाऊ नकोस; चालत जवळ जा. तिथे भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे सक्तीचे आहेत, त्यावर कुरकुर करू नकोस. आपल्याकडे रात्रीच्या पारधीत जनावर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या तू लहानपणी ऐकल्या आहेस.

यावर दोन आक्षेप येतील हे जाणतो. पहिला, की अनुभवी माणूस पाचशे यार्डांवर स्वच्छ शिकार करतो. करतो, पण तो हा प्रश्न विचारीत नाही. दुसरा, की वेगवान गोळी लांबवरही जोर राखून असते. हे खरे आहे, आणि एल्कसारख्या थोराड जनावरासाठी मॅग्नमचा विचार मी मान्य करीन. हरणासाठी नाही.

पुतण्याचे उत्तर रात्री आले. क्रीडमूर ठरली आहे. आजोबांच्या दगडाचा फोटो त्याने मागवला, तो मी काल सकाळी कळशी बाजूला करून काढला आणि पाठवला. लगेच दुसरा प्रश्न: ‘काका, आता दुर्बीण कोणती?’ त्यावर पुन्हा केव्हातरी.