बैल जुंपून पाहावा, नेट खेळून पाहावे



शेतकऱ्याच्या घरातली मुले आता एका शहरात थांबत नाहीत. शिक्षणाला नाशिक, नोकरीला पुणे, असा त्यांचा प्रवास चालू असतो. शहर बदलले की नवी खोली आली, भांडीकुंडी आली, गॅस आला. त्याच्या पाठोपाठ आणखी एक खर्च येतो, तो इंटरनेटचा. चिरंजीव फोनवर सांगतात, "बाबा, इथे चांगले नेट घ्यावे लागेल. वर्षाचे पैसे एकदम भरले तर स्वस्त पडते." एवढे भारी कशाला हवे, असे विचारले की जरा चाचरत उत्तर येते, "कामाला लागते... आणि रात्री गेम खेळतो."

इथे बरेच वडील भडकतात. भडकण्याआधी एक गोष्ट ध्यानी घ्या. नाशिकला एका खोलीत राहिलेली चार पोरे आता चार दिशांना पांगलेली असतात. कोणी नागपूरला, कोणी बंगळूरला. रात्री नऊ-दहाला ती खेळाच्या निमित्ताने भेटतात आणि कानाला हेडफोन लावून सुखदुःखाच्या गप्पा मारतात. आपण पारावर बसतो, तसा हा त्यांचा पार. परक्या शहरात एकट्या पोराला, आणि पोरीलाही, त्याचा आधार असतो. खेळावे की नाही, किती खेळावे, हा वाद घरात जरूर घाला. पण नेट घ्यायचेच ठरले, तर घामाचा पैसा वाया जाऊ नये एवढे पाहणे आपले काम आहे. गंमत अशी की, खेळायला महागडे कनेक्शन बहुधा लागतच नाही. लागते ते वेगळेच.

वेग वेगळा, विलंब वेगळा

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आकडा असतो, १०० एमबीपीएस, ३०० एमबीपीएस. हा आकडा म्हणजे पाइपाची जाडी. चार इंची पाइपातून दोन इंचीपेक्षा जास्त पाणी येणार, हे उघड आहे. पण विहिरीवर मोटार चालू केल्यापासून रानाच्या टोकाला पहिले पाणी यायला किती वेळ लागतो, ही बाब निराळी. तो वेळ पाइपाच्या जाडीवर नव्हे, तर पाणी किती लांबून आणि कुठून फिरून येते, त्यावर ठरतो.

ऑनलाइन खेळाला पाणी लागते ओंजळभरच. बहुतेक खेळ तासाला सुमारे शंभर एमबीच्या आगेमागे डेटा वापरतात. मोबाइलवर तासभर सिनेमा पाहिला तर याच्या कितीतरी पट जातो. पण ही ओंजळ सेकंदाला अनेक वेळा जावी-यावी लागते, आणि तीही वेळेवर. मुलाने बटण दाबले, तो इशारा कंपनीच्या सर्व्हरवर गेला आणि तिथून उत्तर परत आले, या फेरीला जो वेळ लागतो त्याला 'पिंग' म्हणतात. तो मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. पिंग तीसच्या आत असेल तर उत्तम. साठपर्यंत चांगला. शंभराच्या वर गेला की मुलाने नेम धरेपर्यंत समोरचा पळालेला असतो.

आणखी दोन दुखणी असतात. मोटारीने हवा धरली की पाणी कसे थांबून थांबून उसळते? तसा पिंग कधी वीस, तर कधी दोनशे होतो. दुसरे दुखणे गळतीचे. काही इशारे वाटेतच हरवतात आणि खेळातला माणूस जागच्या जागी अडखळतो. वेग ३०० असूनही ही दोन्ही दुखणी असू शकतात. ४० किंवा ५० एमबीपीएसची साधी फायबर लाइन ठणठणीत असेल, तर एकट्या माणसाचा खेळ तिच्यावर मजेत चालतो.

जास्त वेगाचा उपयोग नवा खेळ उतरवून घेताना होतो. ५० जीबीचा खेळ ५० एमबीपीएसवर उतरायला सव्वादोन तास लागतात, १०० वर तासाहून थोडा अधिक, ३०० वर बावीस-तेवीस मिनिटे. वर्षातून पाच-सात वेळा येणाऱ्या या कामासाठी दरमहा जादा पैसे मोजायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. खोलीत तिघे-चौघे मिळून राहत असतील, तर मात्र शंभरचा प्लॅन वाटून घेणे परवडते.

पाणी कुठून फिरून येते?

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. पुणे ते मुंबई जाऊन-येऊन साधारण ३०० किलोमीटर धरले, तर फेरीला दीड मिलिसेकंद पुरतो. वाटेतल्या यंत्रांचा वेळ मिळवला तरी चांगल्या लाइनवर दहा-वीसमध्ये काम होते. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक या खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. ज्या खेळाचा सर्व्हर सिंगापूरला असेल, त्याला मुंबईपासूनच जाऊन-येऊन किमान चाळीस मिलिसेकंद लागणार. कोणत्याही कंपनीला ते टाळता येणार नाही.

मग एकाच इमारतीत दोन कंपन्यांचा पिंग वेगळा का येतो? कारण रस्ता वेगळा असतो. काही कंपन्यांची वाहतूक मुंबईत सरळ उतरते, तर काहींची पुण्याहून चेन्नईला वळसा घालून मुंबईला येते. हा वळसा जाहिरातीत कोणी छापत नाही. म्हणून मुलाला पहिला प्रश्न विचारा, "तू खेळतोस त्या खेळाचा सर्व्हर कुठे आहे?" त्याला ठाऊक नसेल तर आधी ते शोधून काढायला सांगा.

दारापर्यंत काय येते, ते पाहा

नाशिकला अमुक कंपनी चांगली होती, म्हणून पुण्यातही तीच घ्यावी, असा मोह होतो. पण जमीन बदलली की बियाणेही बदलावे लागते. एकाच शहरात हिंजवडीला चांगली चालणारी कंपनी हडपसरच्या एखाद्या गल्लीत रडतखडत चालते. कित्येक सोसायट्यांत तर एक-दोनच कंपन्यांची तार आत आलेली असते. म्हणून खोली ठरवतानाच मालकाला आणि शेजाऱ्याला विचारावे, "इथे कोणाचे नेट येते?"

तार थेट खोलीपर्यंत फायबरची असावी. काही ठिकाणी इमारतीपर्यंत फायबर आणि तिथून खोलीपर्यंत तांब्याची लॅन केबल असते. तीही चालते, पण जिन्यातली पेटी धड आहे का, तिला बॅटरीचा आधार आहे का, हे पाहावे. नाहीतर खोलीत वीज असून जिन्यात वीज नाही म्हणून नेट बंद, असा प्रकार होतो. 'एअरफायबर' नावाने मिळते ती जोडणी मोबाइलच्या मनोऱ्यावरून हवेतून येते. नावात फायबर असले तरी खोलीपर्यंत तार नसते. कामाला ती बरी. पण मनोऱ्यावर गर्दी झाली की पिंग वरखाली होतो, म्हणून फायबर मिळत असताना खेळासाठी ही घेऊ नये.

मोठ्या कंपनीपेक्षा गल्लीतला केबलवाला कमी प्रतीचा, असेही समजू नका. तार तुटल्यावर तासाभरात शिडी घेऊन येणारा माणूस ज्याच्याकडे आहे, तो चांगला. पावसाळ्यात झाडावरून टांगलेल्या तारा तुटतात, रस्ता खोदताना जमिनीतल्या तुटतात. 'मागच्या पावसाळ्यात किती वेळा बंद पडले आणि किती दिवसांनी चालू झाले?' हे शेजाऱ्यालाच विचारावे. विक्रीला आलेला पोरगा ते सांगणार नाही.

जुंपून पाहा

बाजारात आपण बैल कसा घेतो? शिंगांचा रंग आणि गळ्यातले घुंगरू पाहून नाही. दात पाहतो, चालवून पाहतो, जुंपून पाहतो. नेटचेही तसेच करावे. त्याच इमारतीत त्या कंपनीचे कनेक्शन असलेला कोणी ओळखीचा काढावा. रात्री नऊ ते अकरा या वेळेत, घरोघर नेट वापरले जाते तेव्हा, त्याच्याकडे बसून आपलाच खेळ अर्धा तास खेळावा. बहुतेक खेळांत पिंगचा आकडा पडद्यावर दाखवण्याची सोय असते. तो आकडा कागदावर लिहून काढावा. सकाळी अकराला वेग मोजून काही कळत नाही, तेव्हा सगळ्यांचेच नेट पळते.

ओळखीचे कोणी नसेल, तर एकाच महिन्याचे पैसे भरून घ्यावे. तो महिना म्हणजे जुंपून पाहण्याचा काळ.

घरातली गळती

पुष्कळदा दोष कंपनीचा नसतो, खोलीतलाच असतो. राउटर एका टोकाला, मुलगा दुसऱ्या टोकाला आणि मध्ये दोन भिंती. वायफाय अशा वेळी दमते. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत साधी लॅन केबल ओढली की निम्मी दुखणी जातात, आणि तिला काही शेकड्यांतच पैसे लागतात. केबल जमत नसेल तर राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झ पट्टा वापरावा. त्याची पोच कमी, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची गर्दी त्यावर कमी असते. एकाने खेळावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने मोठे व्हिडिओ वर चढवावे, असे केले तर पिंग वाढणारच. पाटाचे पाणी एकाच वेळी दोघांनी वळवल्यासारखे ते आहे. वीज जाणाऱ्या भागात राउटरपुरती छोटी बॅटरी मिळते, तीही उपयोगी पडते.

पैसे भरण्याआधी

एक. छापलेला दर आणि भरायचा दर एक नसतो. ५०० रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी धरला की ५९० होतात, वर्षाचे ७,०८०. त्यात जोडणी आणि राउटरची अनामत धरली आहे का, ते विचारावे.

दोन. 'अमर्याद' म्हणजे अमर्याद नव्हे. अनेक फायबर प्लॅनमध्ये महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, त्यापुढे वेग उतरतो. एकट्या खेळणाऱ्याला ती पुरून उरते, पण हवेतून येणाऱ्या जोडणीत ती बरीच कमी असू शकते.

तीन. बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून इंटरनेटवर एकच पत्ता देतात. वाड्यातल्या सगळ्यांची पत्रे एकाच पेटीत पडावीत, तसे. बहुतेक खेळांना याने बिघडत नाही. पण मुलगा स्वतः खेळ चालवून मित्रांना त्यात बोलावत असेल, तर अडते. त्याने 'पब्लिक आयपी मिळेल का आणि त्याचे किती?' हे आधीच विचारावे.

चार. वर्षाची रक्कम पहिल्याच दिवशी भरू नये. नव्या नोकरीतला मुलगा सहा महिन्यांत खोली बदलतो. नव्या खोलीत त्या कंपनीची तार नसेल, तर उरलेले पैसे परत मिळवणे कठीण होऊन बसते. महिना पाहावा, मग तीन महिन्यांचे भरावे, आणि मुक्काम पक्का झाला तर वर्षाचे. खोली सोडताना राउटर परत करून पावती घ्यावी, नाहीतर अनामत अडकते.

पाच. तक्रार तोंडी करू नये. कंपनीच्या क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एक गोष्ट स्पष्ट बोला

मित्रांबरोबर खेळणे वेगळे आणि पैसे लावून खेळणे वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, त्यांच्या जाहिरातींना आणि त्यांचे पैसे वळते करण्याला बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्‌सना मात्र खेळ म्हणून मान्यता दिली. हा फरक मुलाला ठाऊक आहे का, ते विचारा. "तू कोणता खेळ खेळतोस, त्यात पैसे लागतात का?" एवढे दोनच प्रश्न, पण रागावून नव्हे. रागावून विचारले की खोटे उत्तर येते, आणि ते खोटे पुढे पिकाच्या पैशावर येऊन पडते.

तेव्हा पुढच्या वेळी मुलाचा फोन आला, की 'किती एमबीपीएस?' असे विचारू नका. "त्या इमारतीत रात्री दहाला पिंग किती येतो रे, कोणाकडे खेळून पाहिलास का?" असे विचारा. पोरगा आधी चाट पडेल. मग खोलीबद्दल, शेजाऱ्याबद्दल, त्या चार मित्रांबद्दल आपणहून बोलू लागेल. नेट पुढच्या आठवड्यात घेतले तरी चालेल, हे बोलणे मात्र त्याच रात्री होऊन जाऊ द्या.