बक्षिसाची स्कूटी आणि शाळेची सायकल

उत्तर प्रदेश बोर्डाचा निकाल लागला की लखनौच्या हजरतगंजातील फलकांवर ‘टॉपर’ मुलांचे चेहरे झळकू लागतात. तेथून जवळच लोकभवनात मुख्यमंत्री गुणवंतांना एक लाख रुपये, टॅबलेट आणि पदक देतात. त्या मुलांचे कौतुक मलाही आहे. पण हा पैसा पोहोचतो तो जे आधीच अभ्यासात बुडालेले आहेत त्यांच्यापर्यंत, आणि तोही अभ्यास संपल्यावर.

१९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत, चित्रकलेची आवड असलेल्या काही मुलांना प्रमाणपत्राचे आश्वासन देऊन चित्रे काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळेत त्या मुलांनी रंगांना इतरांच्या निम्माच वेळ दिला. ज्यांना प्रमाणपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची गोडी मात्र टिकली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक बक्षिसाला शिक्षेइतकेच दूर ठेवत, ते उगाच नव्हे.

तरीही बक्षीस म्हणजे विषच, असा सोवळेपणा नको. अमेरिकेत रोलंड फ्रायर यांनी न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतील गुणांसाठी मुलांना पैसे देऊन पाहिले. गुण हलले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीतल्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले, तेव्हा आकलन सुधारले. पुस्तक वाचणे मुलाच्या हातात असते. गुण कसे वाढवायचे, हे त्याला बहुधा ठाऊकच नसते.

आता २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात उत्तर प्रदेशाने गुणवंत विद्यार्थिनींच्या स्कूटींसाठी ४०० कोटींची तरतूद केली आहे. शेजारच्या बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, तेव्हा गुणांची अट नव्हती. कार्तिक मुरलीधरन आणि निशित प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळांतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि मुख्यतः शाळा तीन किलोमीटर वा अधिक दूर असलेल्या गावांत. शिकण्याची ओढ त्या मुलींत होतीच. रस्ता लांब होता. त्या सायकलीला बक्षीस कसे म्हणावे?

म्हणून स्कूटीच्या अर्जात टक्केवारीच्या आधी घर ते महाविद्यालय हे अंतर विचारले जावे. लोकभवनातला समारंभ त्यामुळे थोडा फिका पडेल, एवढेच.