विश्लेषण : वर्गात डुलकी घेणारा मुलगा आळशी की आजारी?

दुपारच्या तासाला बाकावर डोकं टेकवणाऱ्या मुलाला ‘कुंभकर्ण’ हे नाव चिकटायला वेळ लागत नाही. त्याला नार्कोलेप्सी असू शकते, ही शंका शिक्षकांना, पालकांना आणि अनेकदा डॉक्टरांनाही येत नाही. साधारण दोन हजारांत एकाला होणारा हा मेंदूचा आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि ओळखला जाईपर्यंत कित्येक वर्षं जातात. नेमकी शिक्षणाचीच.

नेमकं काय बिघडतं?

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या, लाखभरही नसतील इतक्या पेशी ओरेक्सिन हे रसायन तयार करतात. १९९८ मध्ये त्याचा शोध लागला आणि २००० साली टाइप १ नार्कोलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूत या पेशी जवळपास नाहीशा झाल्याचं दिसलं. ओरेक्सिन जाग टिकवून धरतं. ते नसलं की दिवसा अनावर झोप येते, खळखळून हसताना गुडघे लुळे पडतात, आणि एरवी तास-दीड तासानं येणारी स्वप्नांची झोप पंधरा मिनिटांच्या आतच गाठते.

लक्ष का टिकत नाही?

मन स्वतःशीच रमलेलं असताना मेंदूतलं ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ हे जाळं सक्रिय असतं. गणित सोडवायला बसलं की ते मंदावायला हवं. फंक्शनल एमआरआयच्या काही अभ्यासांत नार्कोलेप्सीच्या रुग्णांमध्ये ही अदलाबदल नीट होत नसल्याचं आढळलं. अर्थात हे अभ्यास छोटे आहेत. शिवाय हा बदल आजाराचा, की स्कॅनरमध्येच लागलेल्या डुलकीचा, हे वेगळं काढणं सोपं नाही. बुद्धी मात्र शाबूत असते. अनेक जण विसरभोळेपणाची तक्रार करतात, पण स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांना गुण बरे पडतात. कस लागतो तो बराच वेळ एकाग्र राहण्यात. जागं राहण्यातच मेंदूची बरीच शक्ती खर्च होते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

म्हणजे तीन तासांचा पेपर अशा मुलाच्या अभ्यासापेक्षा जागेपणाचीच परीक्षा घेतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत नार्कोलेप्सीचं नाव नाही. त्यामुळे सवलत मागायची ती कशाच्या आधारावर, इथूनच पालकांची अडचण सुरू होते. ठरवून घेतलेली पंधरा-वीस मिनिटांची डुलकी रुग्णाला काही काळ तरतरी देते, हे डॉक्टर सांगतातच. शाळेला त्यासाठी लागते एक रिकामी खोली आणि एक घड्याळ. बोर्डाच्या परीक्षेत मात्र ही मुभा कुणा केंद्रप्रमुखाच्या भलेपणावर सोडून चालणार नाही. तिथे लेखी नियमच हवा.