गाणं करायला कोण शिकवणार?

आमचा गुरुवारचा गाण्याचा क्लास म्हणजे अर्धा क्लास आणि अर्धं माहेर. जुन्या पनवेलमधली एक माडी, एक पेटी, मोबाइलवर लावलेला तंबोरा आणि आम्ही सात-आठ जणी. सगळ्यात लहान सोळा वर्षांची, आणि विशारदच्या परीक्षेची तयारी करणारी सत्तेचाळीस वर्षांची मी.

गेल्या पावसाळ्यात त्या सोळा वर्षांच्या मुलीने मधेच विचारलं, "बाई, आपण स्वतःचं गाणं कधी करायचं?"

क्षणभर नुसता तंबोरा वाजत राहिला. मग आम्ही सगळ्या हसलो. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू? बाई म्हणाल्या, "आधी सा नीट लागू दे." मुलगी गप्प झाली, आणि आम्ही भूपाकडे वळलो.

बाईंचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सा लागायलाच हवा. पण रात्री भांडी आवरताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. माझ्याकडे बंदिशींच्या दोन जाड वह्या आहेत. त्यात अठराव्या शतकातले सदारंग आहेत, ज्यांनी आपलं नाव बंदिशीतच गुंफून ठेवलं. त्यांचं नाव आम्ही अजून आळवतो. त्या दोन वह्यांमध्ये माझी एकही ओळ नाही. स्वयंपाक शिकणाऱ्या मुलीला पंधरा वर्षं फक्त दुसऱ्याच्या हातचं वाढायला लावावं, तसं झालं की हे!

त्यानंतर डिसेंबरात शेजारच्या आगरी कुटुंबात लग्न निघालं. त्यांचं मूळ गाव विमानतळासाठी हललं. २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि ही मंडळी आता नव्या वसाहतीत राहतात. हळदीला धवलारीण आली होती. आमच्या बाजूला ज्यांनी आगरी लग्न पाहिलंय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्या मैत्रिणींसाठी सांगते. लग्नातले विधी ही बाई धवले गात गात पार पाडते. हळद, मांडव, देवांना आमंत्रण, सगळं गाण्यातून. सत्तरीच्या त्या आजींना लिहिता-वाचता येत नाही. गाता गाता त्यांनी नवरीचं नाव घातलं, तिच्या वारलेल्या आजोबांचं घातलं आणि मग त्या गेलेल्या गावाच्या वेशीचं नाव घातलं. चाल जुनीच, ओळ मात्र त्याच क्षणी केलेली. मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी नंतर विचारलं, "आजी, हे कुठे शिकलात?" तर त्यांना प्रश्नच कळला नाही. आईच्या मागे बसून बसून आलं, म्हणाल्या.

आणि गंमत बघा, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती तेराव्या शतकातली महदाइसा, तिची रचनाही 'धवळे'च. श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी! म्हणजे आपल्या भाषेत बाईच्या नावावर जी पहिली कविता आहे, ती गाण्यासाठी, लग्नासाठी केलेली आहे. आणि आम्ही शिकल्यासवरलेल्या बायका म्हणतो, आम्हाला कुठलं जमतंय?

माझ्या आईला जमायचं. ती जात्यावर ओव्या म्हणायची, त्यातल्या कितीतरी तिच्या स्वतःच्या असणार. मी त्या कधी लिहून घेतल्या नाहीत. तेव्हा मला रेडिओवरची गाणी वहीत उतरवायची घाई असायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या, हे मला फार उशिरा कळलं. माझी आई त्यात नाही. जातं तेवढं माझ्या गॅलरीत आहे, त्यावर कुंडी ठेवलीय.

त्यावरच मी गाणं करायला बसले. पहिली ओळ सुचली ती अशी: 'आई ठेवून गेली जाते'. केरवा धरून गायला लागले, तर दर वेळी सम चुकायची. माझा ताल कच्चा असं वाटून मी तासभर स्वतःलाच बोलले. शेवटी बोटांवर मात्रा मोजल्या. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, हे शाळेत वृत्त शिकताना घोकलं होतं, त्याचा उपयोग आज झाला! 'आई ठेवून' मध्ये नऊ मात्रा होत होत्या, आणि केरव्याचं आवर्तन आठांचं. 'वू' ऱ्हस्व केला, 'ठेवुन', आणि ओळ अलगद समेवर आली. शुद्धलेखनात मार्क कापतील, पण गाण्यात हेच बरोबर. आठ-आठ मात्रांच्या या चालीला छंदशास्त्रात पद्मावर्तनी म्हणतात आणि दादऱ्यासारखी सहा मात्रांची ती भृंगावर्तनी. माधव जूलियनांच्या 'छंदोरचने'त हे सगळं आहे. ताल आम्ही क्लासमध्ये शिकलो, वृत्तं शाळेत. दोन्ही एकच मोजमाप आहे, हे कोणी जोडून दाखवलंच नाही.

दुसरी ओळ आधी 'ओवी सगळी घेउन गेली' अशी होती. मात्रा बरोबर, पण चालीत वरचा सा नेमका 'ळी'वर येत होता आणि गळा आवळल्यासारखा व्हायचा. 'ओव्या साऱ्या' केलं. 'साऱ्या'च्या आकारावर तो सा मोकळा लागला. शब्दाचा अर्थ एक, पण गळ्याला चालणारा शब्द वेगळा. 'गीतरामायणा'ची छप्पन्न गाणी १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक अशी आकाशवाणीवर आली. गदिमांचे शब्द इतक्या घाईतही गळ्याला कुठे अडत नाहीत, ते का, हे मला या दोन ओळींशी झगडल्यावर थोडंसं कळलं. नुसतं ऐकून तीस वर्षांत कळलं नव्हतं.

आता लाजिरवाणी गोष्ट. भजनी मंडळात मी ते गाणं म्हटलं. एकीने विचारलं, "कोणाचं गं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "आहे कोणाचं तरी, जुनं." शान्ता शेळक्यांनीही काही गाणी 'डॉ. वसंत अवसरे' या नावाने लिहिली, पण त्यांची गोष्ट वेगळी, त्या नामवंत कवयित्री होत्या. मी घाबरले ते 'ही कोण मोठी गाणी करणारी' असं कोणी म्हणेल म्हणून. लोणचं माझं, रांगोळी माझी, हे आपण बिनदिक्कत सांगतो. ओळ माझी म्हणताना जीभ का अडते?

माझं म्हणणं इतकंच आहे की गाणं करणं ही देवाघरची देणगी आहे, असं सांगून मुलींना गप्प बसवू नये. थोर गाणं ही देणगी असेल, पण साधं, सुबक, समेवर येणारं गाणं हे कसब आहे, आणि कसब शिकवता येतं. आठवड्यातला अर्धा तास पुरे. ओळखीच्या भूपाळीच्या चालीवर आपले शब्द बसवा, मग आपल्या शब्दांना आपली चाल लावा. बिघडेल. पहिली पोळी तरी कुठे गोल झाली होती? सा पक्का होईपर्यंत थांबायचं, हे मला पटत नाही. त्या धवलारीण आजी थांबल्या असत्या तर त्या वेशीचं नाव कोणी घेतलं असतं?

बाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "गुरुवारी शेवटची वीस मिनिटं घ्या तुम्ही." परवा त्या सोळा वर्षांच्या मुलीने आपलं गाणं आणलं. पहाटेच्या पनवेल लोकलने कामाला जाणाऱ्या तिच्या आईवर आहे. तिसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होतेय. तिला 'स्टेशन' हा शब्द सोडायचा नाहीये आणि मलाही तो सोडावासा वाटत नाही, म्हणून आम्ही दोघी अजून बोटं मोजतोय.